लाल रंग फासलेली सिमेंटची कौलं आणि माझे 3,85,000 रुपये

खोताची वाडी, माथारपाखाडी, रणवार किंवा अशाच एखाद्या जुन्या वस्तीत तुमचं कौलारू घर असेल आणि यंदा पावसाआधी कौलं बदलायची असतील, तर आधी हे वाचा. माझे 3,85,000 रुपये गेले. आजोबांच्या वेळची 1,400 मंगलोरी कौलं गेली ती वेगळीच.

आमचं घर मुंबईतल्या एका हेरिटेज वाडीत. कौलांखालच्या लाकडी रिपा कुजलेल्या, चार वाशांना वाळवी. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतूनच आला, रस्त्यावरून धरून आणला नव्हता. "काका, हेरिटेजचं टेन्शन घेऊ नका, परमिशन आहे माझ्याकडे," म्हणत त्याने महापालिकेच्या पत्राची झेरॉक्स दाखवली. पत्र दुसऱ्याच कुणाच्या घराचं, पत्त्याची ओळ उडालेली. परवानगी त्या घराच्या त्या कामाला मिळते, माणसाला नाही! मुंबईत हेरिटेज नियमावली 1995 पासून आहे. कुणाच्या खिशातली झेरॉक्स तुमच्या छपराला लागू होत नाही.

नमुना मात्र अस्सल दाखवला. भाजलेल्या मातीचा, मागे कारखान्याचा शिक्का, बोटाने टकटक केलं की खणखणीत वाजणारा. 1,50,000 आगाऊ दिले. लाकडासाठी 60,000 रोख, पावती नाही. माल आल्यावर 1,75,000 ऑनलाइन.

उतरवताना एक कौल फुटलं. तुकडा मी हातात घेतला. वरून लाल, आत राखाडी. ट्रक तिथूनच परत जायला हवा होता. मी विचारलं, नाही असं नाही. तो म्हणाला, "भट्टीत आच कमी लागली की आतून काळपट राहतं." हे खोटं नाही, नीट न भाजलेल्या मातीचा गाभा काळा राहतो हे मलाही ठाऊक होतं, म्हणून तर माझं तोंड बंद झालं. पण त्या तुकड्यात बारीक खडी दिसत होती. खडी! मातीच्या कौलात खडी कुठून येईल? हा एक प्रश्न तेव्हा सुचला नाही, याची चीड आजही जात नाही. अर्धं छप्पर उघडं, ढग भरून आलेले, घरात आजारी आई. अशा वेळी ट्रक परत पाठवून दाखवा कुणी.

पहिल्या मोठ्या सरीत पन्हळीतून लाल पाणी वाहिलं. सिमेंटची कौलं मातीच्या कौलांपेक्षा जड, त्या वजनाने वासे वाकले आणि पाखं मधोमध खचलं. तोवर फोन बंद. जुनी कौलं "धुऊन, निवडून परत आणतो" म्हणून नेलेली, ती कुठे विकली देव जाणे. त्यांवर बासेल मिशनचा शिक्का होता, म्हणजे 1865 साली मंगलोरला कौलांचा पहिला कारखाना काढणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा. असल्या कौलांना फार्महाउसवाले आणि हॉटेलवाले हौसेने पैसे मोजतात. जुनं एकही कौल आवाराबाहेर जाऊ देऊ नका. धुवायची तर अंगणात धुवा.

आणि सरकारी दारं? पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. अहो, नमुना एक दाखवून माल दुसरा देणं, खोटी परवानगी दाखवणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? अर्जावर पोचही मिळेना. महापालिकेच्या कार्यालयात तर कहर. तक्रार घेऊन गेलो मी, आणि विनापरवाना छपराचं साहित्य बदलल्याची नोटीस मलाच! त्या झेरॉक्सकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एक टेबल म्हणतं हेरिटेज विभाग, तो विभाग म्हणतो वॉर्ड. फसवणारा मोकळा, घरमालक गुन्हेगार.

कौल रात्रभर पाण्यात बुडवून आधी आणि नंतर वजन करा. फार पाणी पीत असेल तर नको. एक मुद्दाम फोडून आतला रंग बघा. करारात "भाजलेल्या मातीचं मंगलोरी कौल" हे शब्द, माप आणि कारखान्याचं नाव लिहून घ्या. नुसतं "हेरिटेज कौल" चालणार नाही. कौलासारखे दिसणारे रंगीत पत्रे गळ्यात मारायला येतील, त्यांनाही परवानगीशिवाय हात लावू नका. रोख तर अजिबात नाही.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. उडालेल्या पत्त्याची तीच झेरॉक्स तुम्हालाही कुणी दाखवली असेल, तर पावत्या आणि फोटो घेऊन पुढे या. चार घरांची तक्रार एकदम गेली, तर पोलिसांना ती दिवाणी म्हणून परत करणं जड जाईल.