व्यवसाय कराची चलनं फाइलला, सरकारात भरणा शून्य

आमचा छापखाना आहे. मी आणि धाकटा भाऊ भागीदार, हाताखाली चार माणसं. जीएसटीची रिटर्न भरायला गावातलाच एक सल्लागार होता आणि व्यवसाय करही तोच भरायचा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण पोलिसांत आहे. पण त्यानं पैसे कसे खाल्ले ते सविस्तर लिहितो, कारण हीच पद्धत वापरणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्यवसाय कर हा आपल्या महाराष्ट्र राज्याचा कर, कायदा १९७५ चा. धंदा करणाऱ्यानं स्वतःचा भरायचा तो पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा वेगळा. नोकरांच्या पगारातून कापून भरायचा तो पीटीआरसी. दहा हजारांवर पगार असलेल्या माणसाचे (महिलांचं वेगळं, ते पुढं येईल) महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे त्याचेही वर्षाला २,५०० च. आमचे दोघांचे पाच हजार, चौघांचे दहा हजार, असे एकूण पंधरा हजार सल्लागार आमच्याकडून घ्यायचा.

रक्कम लहान आहे आणि तिथंच सगळी गोम आहे. जीएसटीचा आकडा मोठा, तिथं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळलं नाही की पुढचा व्यापारी फोन करतो. व्यवसाय कराची अशी चौकशी कोणी करत नाही. पीटीईसीला तर रिटर्नही नसतं, नुसतं चलन भरायचं. त्यामुळं चलनाचा कागद आला की विषय संपला, असंच सगळे धरून चालतात.

दर जूनमध्ये या सल्लागाराचा फोन यायचा. "दादा, साइट स्लो झालीय, शेवटच्या दिवशी बंदच पडेल. माझ्या क्यूआरवर टाका, मी माझ्या नेटबँकिंगनं भरून टाकतो." पैसे गेले की संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाची पीडीएफ. एमटीआर-६ चा, म्हणजे सरकारी चलनाचा नमुना, वर बारकोड, आमचं नाव, आमचा पीटीईसी क्रमांक, बँकेचं नाव, तारीख. सगळं जागच्या जागी. २०२२-२३, २०२३-२४, २०२४-२५ अशी तीन वर्षांची चलनं फाइलला लावलेली होती.

गेल्या वर्षी पोस्टानं नोटीस आली: तिन्ही वर्षांचा कर थकीत, व्याजासह भरा. सल्लागाराला दाखवली तर हसून म्हणाला, "सिस्टीमचा घोळ आहे, खूप जणांना आलीय, मी उत्तर टाकतो." भावाला ते पटलं नाही. तो फाइल घेऊन थेट ऑफिसात गेला. (आम्ही अजून विक्रीकर ऑफिसच म्हणतो.) तिथल्या बाईंनी संगणक उघडायच्या आधीच चलनावर बोट ठेवलं. "हा जीआरएन बघा."

जीआरएन म्हणजे चलनावरचा सरकारी क्रमांक. जमिनीच्या दस्ताला, मुद्रांक शुल्काला असतो तसाच. सुरुवात एमएच या अक्षरांनी, मग लांबलचक आकडा आणि त्याच्या शेवटी आर्थिक वर्ष. २०२४-२५ मध्ये भरलेल्या चलनावर २०२४२५ असायला हवं. आमच्या चलनावर होतं २०२१२२. शिवाय माझ्या आणि भावाच्या चलनावर एकच क्रमांक. प्रत्येक चलनाला स्वतंत्र क्रमांक पडतो, एकच क्रमांक दोघांना मिळणं शक्य नाही. क्रमांक टाकून बघितला तर चलन खरं निघालं, पण भलत्याच माणसाचं. त्याच एका जुन्या पीडीएफवर नाव, तारीख, रक्कम बदलून यानं किती जणांना पाठवलं असेल, देव जाणे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. आमच्याकडे डीटीपी करणाऱ्या ताई आहेत, पगार अठरा हजार. १ एप्रिल २०२३ पासून महिलांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. तरी पुढची दोन वर्षं यानं त्यांचे अडीच-अडीच हजार आमच्याकडून घेतले आणि आमच्या पगारपत्रकात त्यांच्या नावापुढं कपात चालूच राहिली. म्हणजे जो करच नव्हता, तोही याच्या खिशात.

नोटिसा आधी का आल्या नाहीत? आल्या होत्या. नोंदणी करताना त्यानं पोर्टलवर आमच्या नावापुढं स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल टाकला होता. विभागाचा प्रत्येक मेसेज, प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं. या नोंदणीला सरकारी फी नसते, तरी 'सरकारी खर्च' म्हणून त्यानं सुरुवातीलाच पैसे लावले होते, ते वेगळंच.

तुमचा कर दुसरा कोणी भरत असेल तर आपलं बँक स्टेटमेंट काढा. कर ग्रासवरून, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन जमा प्रणालीतून जातो. तुमच्या खात्यातून भरला असेल तर नोंद सरकारी भरण्याची दिसेल. एखाद्या माणसाचं नाव आणि यूपीआय दिसला, तर पैसा त्या माणसाकडं गेला, सरकारकडं गेला की नाही ते त्यावरून कळत नाही. मग चलनावरचा जीआरएन तपासा, आणि 'क्रमांक खरा आहे' एवढ्यावर थांबू नका. नाव, वर्ष, रक्कम, पीटीईसी क्रमांक चारही जुळवा. पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा. सल्लागाराला कामाची फी जरूर द्या, पण कर आपल्याच खात्यातून भरा. महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी विभागाच्या साइटवर पीटीईसीचं चलन भरायला लॉगिनही लागत नाही, क्रमांक टाकला की पुरतं. फक्त पत्त्याच्या शेवटी सरकारी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, तेवढं पाहून घ्या.

आम्ही तिन्ही वर्षांचा कर पुन्हा भरला, वर व्याज आणि पीटीआरसीच्या उशिरा रिटर्नचे वर्षाला हजार. "आम्ही एकदा दिलेत" हे तिथं चालत नाही आणि चालणारही नाही. नोकरांच्या पगारातून कापणारा मालक, तर जबाबदारी मालकाची. ताईंचे पाच हजार आम्ही आमच्याकडून परत केले. सल्लागारानं दिलेला धनादेश वटला नाही. तक्रार फसवणूक आणि बनावट कागदपत्रांची दिली आहे. आमच्याच पेठेतल्या आणखी दोन दुकानदारांनी चलनं काढून बघितली, तर त्यांच्यावरही तोच २०२१२२ चा क्रमांक निघाला. तेही आता तक्रारीत सामील आहेत.