बाळाच्या शीच्या रंगाचे पान: जपानी माता-बाल पुस्तिकेतील कार्डाचे परीक्षण

जपानमध्ये गरोदरपणाची नोंद केली की वॉर्ड कार्यालय किंवा नगरपालिका ‘बोशी केन्को तेच्यो’ ही माता-बाल आरोग्य पुस्तिका विनामूल्य देते. लसी, वजन आणि दातांच्या नोंदींच्या या पुस्तिकेत २०१२ पासून एक रंगीत पान सक्तीने घातले जाते. बिलियरी अट्रेझिया हा पित्तनलिका बुजण्याचा आजार वेळीच लक्षात यावा म्हणून त्यावर बाळाच्या शीच्या सात छटा छापलेल्या असतात, त्यामुळे तोक्योत बाळंतपण झालेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना ते प्रथम पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते. तरीही संपूर्ण पुस्तिकेत सर्वांत उपयोगी पान कोणते, असे कोणी विचारले तर मी याच पानाकडे बोट दाखवीन.

वापर सोपा आहे. छटांना १ ते ७ असे क्रमांक असून पहिल्या तीन छटा पांढुरक्या ते फिकट पिवळ्या, तर पुढच्या क्रमाने गडद होत जातात. बाळ दोन आठवड्यांचे व महिन्याचे झाल्यावर आणि त्यानंतर चार महिन्यांपर्यंत, लंगोटातील शी या छटांशेजारी धरून जुळणारा क्रमांक तारखेसह लिहायचा असतो. क्रमांक १ ते ३ मधला निघाला, किंवा आधी गडद असलेला रंग हळूहळू त्या बाजूला सरकू लागला, तर पुढच्या नियमित तपासणीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवायचे.

यकृतात तयार होणारे पित्त नलिकांवाटे आतड्यात उतरते आणि त्यातील बिलिरुबिन या रंगद्रव्यामुळे शीला पिवळा-तपकिरी रंग येतो. हा प्रवाह मंदावला किंवा थांबला की शी फिकी पडते. रक्तात साचलेले बिलिरुबिन लघवीतून बाहेर पडू लागते आणि एरवी जवळजवळ रंगहीन असणारी नवजात बाळाची लघवी लंगोटावर गडद पिवळा डाग पाडते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा राहतो आणि कालांतराने यकृत मोठे व टणक होते. पित्ताविना स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, त्यामुळे अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही शरीराला पुरेशी मिळत नाहीत. ‘के’च्या अभावी रक्त गोठत नाही, आणि काही बाळांमध्ये मेंदूतील रक्तस्राव हेच आजाराचे पहिले ठळक लक्षण ठरते. खाज मात्र काही महिन्यांनंतरच जाणवू लागते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्यावर विसंबता येत नाही.

कार्ड मुख्यतः ज्या बिलियरी अट्रेझियासाठी बनवले आहे, त्यात यकृताबाहेरच्या पित्तनलिका जन्मानंतर थोड्याच काळात बुजून जातात. जपानमध्ये सुमारे दहा हजार बाळांमागे एकाला तो होतो. असे बाळ सुरुवातीला चांगले दूध पिते आणि हसरे दिसते, हीच यातील फसवी बाब आहे. फिकट शीमागे इतरही कारणे असू शकतात: पित्तनलिकेवरील गाठ, जंतुसंसर्ग, थायरॉइडची कमतरता, गॅलॅक्टोसीमियासारखे चयापचयाचे जन्मजात दोष, काही आनुवंशिक विकार किंवा दीर्घकाळ शिरेवाटे दिलेले पोषण. यांतील प्रत्येकाचा उपचार निराळा असतो आणि कार्ड त्यांच्यात भेद करू शकत नाही. ते फक्त दार ठोठावते.

घाई कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. सेंदाई येथील शल्यचिकित्सक मोरियो कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत आतड्याचा एक भाग यकृताच्या मुखाशी जोडून पित्ताला नवी वाट करून दिली जाते. ती साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. उशीर होईल तसे यकृत निबर होत जाते. शस्त्रक्रियेनंतरही अनेक मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागतेच, पण ते काही वर्षे पुढे ढकलले जाणे लहान नव्हे.

कार्डाच्या मर्यादा पुरेशा स्पष्टपणे लोकांसमोर येत नाहीत, असे माझे मत आहे. तोचिगी प्रांतात १९९४ पासून चाललेल्या दीर्घ चाचणीत या आजाराची सुमारे तीन चतुर्थांश बाळेच कार्डाने हेरली गेली, म्हणजे गडद क्रमांक लिहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. लोक पांढऱ्याशुभ्र शीची वाट पाहतात, प्रत्यक्षात ती बरेचदा नुसती फिकट पिवळसर असते, आणि ३ व ४ या क्रमांकांमधील फरक रात्रीच्या दिव्याखाली ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. लघवीच्या छटाही याच पानावर छापल्या असत्या, तर थकलेल्या आईबापांना दुसरा पुरावा मिळाला असता. या त्रुटी धरून मी कार्डाला पाचांपैकी चार गुण देईन.

वापरणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, शी दिवसाच्या उजेडातच पाहावी, शंका असेल तर लंगोट तसाच डॉक्टरांकडे न्यावा, आणि हिरवट शी झाली म्हणून घाबरू नये. कार्डाची छायाप्रत किंवा मोबाइलवरील चित्र वापरू नये, कारण रंग बदलले की कार्डाचा अर्थच उरत नाही. याच कारणाने पुण्या-नागपूरकडच्या नातेवाइकांना मी या पानाचा फोटो पाठवत नाही. आपल्याकडे नवजात बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीच्या ज्या भेटी ठरलेल्या आहेत, त्यांत चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस येतात. कार्डाचे वेळापत्रक यात सहज बसेल, फक्त छपाई प्रमाणित रंगांची हवी. तोवर नातेवाइकांना मी एकच गोष्ट सांगतो: कावीळ दोन आठवड्यांपुढे टिकली, तर बाळाला कोवळ्या उन्हात धरत बसू नका किंवा कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ नका, रक्ताच्या तपासणीत एकूण बिलिरुबिनसोबत डायरेक्ट बिलिरुबिनही (यकृताने प्रक्रिया केलेला त्याचा भाग) मागून घ्या, आणि ते डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक निघाले तर त्याच आठवड्यात मुलांच्या यकृतविकारतज्ज्ञांना भेटा.