गावातलं मोफत नेत्रशिबिर: मोतीबिंदूला उत्तम, काचबिंदूला अपुरं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या सभामंडपात मोफत नेत्रतपासणी शिबिरं भरतात. मोतीबिंदूसाठी ही सेवा खरोखर चांगली आहे. ६ मीटरवरचा तक्ता वाचायला लावतात, बॅटरीच्या उजेडात बाहुली बघतात. पिकलेला मोतीबिंदू त्यात सहसा सुटत नाही. तक्ता कन्नड अक्षरांचा असेल तर मराठी किंवा इंग्रजी 'E'चं तोंड कुठल्या बाजूला आहे ते सांगायचा तक्ता मागून घ्या, नाहीतर न ओळखलेलं अक्षर कमी नजर म्हणून कागदावर चढतं.

पण 'मोतीबिंदू नाही' एवढं ऐकून लोक निर्धास्त घरी जातात, तिथं घात होतो. काचबिंदूत, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होण्याच्या आजारात, आधी कडेची नजर जाते. समोरचं बराच काळ स्वच्छ दिसतं, दुखत नाही, त्यामुळं तक्त्याची शेवटची ओळही वाचता येते. गेलेली नजर मात्र परत येत नाही. डोळ्याचं प्रेशर नेहमीच्या १० ते २१ (मिमी पारा) च्या आत असूनही नस खराब होऊ शकते, म्हणून नुसतं प्रेशर मोजून भागत नाही. नस बघायलाच हवी. आईवडील किंवा भावंडांत कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर शिबिरावर विसंबू नका.

साखर असलेल्यांचा पडदा वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासायला हवा. पडद्यावर रक्त साकळायला लागलं तरी नजर ६/६, म्हणजे तक्त्यावर अगदी चांगली, असू शकते. थेंब चढायला २०-३० मिनिटं जातात, अंधारी खोली लागते. रांग मोठी असली की नेमकं हेच राहून जातं. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. त्या दिवशी मोटारसायकल दुसऱ्याला चालवू द्या.

उतारवयात पडद्याचा मधला भाग झिजतो, त्यासाठी आयोजकांनी एक कागद छापून वाटावा: १० सेंमीचा चौरस, आत ५ मिमीच्या चौकटी, मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावून, ३० सेंमीवर धरून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली किंवा मध्ये डाग आला तर त्याच आठवड्यात पडद्याचे डॉक्टर गाठावेत. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त. त्यांनी बीटा-कॅरोटिन असलेल्या डोळ्यांच्या गोळ्याही घेऊ नयेत, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, उलट्या होताहेत, तर पित्त समजून बसू नका. प्रेशर एकदम चढल्याची ती लक्षणं असू शकतात. रात्र असली तरी दवाखाना गाठा.