नाकाखालचं फुलपाखरू : मार्लीन डीट्रिखचा ब्लू-रे संच, आठ महिन्यांनंतर

माझा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट. हा संच मी सिनेमाच्या वेडापायी घेतला नाही, लाइट शिकायला घेतला. तेव्हा कथेबद्दलचं माझं मत कितपत धरायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

जोसेफ फॉन स्टर्नबर्ग या दिग्दर्शकानं हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत डीट्रिख या जर्मन नटीला घेऊन केलेले सहा सिनेमे यात आहेत. १९३० चा ‘मोरोक्को’ पहिला, १९३५ चा ‘द डेव्हिल इज अ वुमन’ शेवटचा. सोबत एक पुस्तिका.

घेण्याआधी एक गोष्ट तपासा, जी मी तपासली नाही. ब्लू-रे डिस्क आपापल्या रीजनच्या, म्हणजे जगाच्या त्या भागातल्या प्लेअरवरच चालतात. या डिस्क अमेरिकेच्या, म्हणजे ‘ए’ रीजनच्या. भारत ‘सी’मध्ये येतो. प्लेअर घेताना विचारलं होतं, तर दुकानदार म्हणाला, “सगळं चालतं हो.” पहिल्या रात्री जेवणं उरकून सगळे बसलो आणि टीव्हीवर नुसती रीजनची सूचना. तीन आठवडे खोका कपाटावर पडून होता. शेवटी सगळे रीजन चालवणारा प्लेअर मागवला. तो खर्च संचाच्या किमतीतच धरा. सबटायटल्स इंग्रजी आहेत, तेवढ्यावर भागवावं लागतं.

टीव्हीचंही एक सांगतो. नव्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारं मोशन सेटिंग असतं, ते बंद करा. शार्पनेस अगदी खाली आणा. फिल्मचे दाणे दिसले पाहिजेत, ते पुसले की चेहरा मेणाचा होतो. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणार. पडदाभर ताणलंत तर डीट्रिखला गालगुंड झाल्यासारखं दिसतं.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात ज्याला बटरफ्लाय लाइट म्हणतात, त्याचंच दुसरं नाव पॅरामाउंट लाइट. मुख्य दिवा कॅमेऱ्याच्या रेषेतच, पण चेहऱ्याच्या बराच वर. नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते, गालाची हाडं वर येतात, त्यांच्याखालचा भाग आत जातो. हे मी पंचवीस वर्षं ऐकत आलो होतो. ‘शांघाय एक्स्प्रेस’मध्ये (१९३२) ते कळलं. रेल्वेच्या डब्यात ती एकटी दाराला टेकून उभी आहे, सिगारेट धरलेला हात थरथरतोय, चेहरा वर, आणि वरून उतरणारा उजेड. संवाद नाही. हा एवढा तुकडा मी किती वेळा थांबवून पाहिला, मोजलेलं नाही. कॅमेरामन ली गार्म्स. या सिनेमासाठी त्याला ऑस्कर मिळालं.

त्यातच काळ्या पिसांचा तो प्रसिद्ध पोशाख आहे, ट्रॅव्हिस बँटननं केलेला. काळं कापड, काळी पिसं, वर जाळीचा बुरखा. काळ्यावर काळं शूट करून प्रत्येक पीस वेगळं दाखवणं म्हणजे काय, ते काळ्या कोटातल्या नवरदेवाचे फोटो काढणाऱ्याला विचारा.

घरी प्रयोग केला. स्टुडिओ बंद झाल्यावर बायकोला स्टुलावर बसवलं, सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पेटी लावलेला दिवा, वर चढवला. पहिला फोटो बघून ती म्हणाली, “अहो, हा आता जपून ठेवा, पुढं हार घालायला होईल.” खरंच, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे होते. हनुवटीखाली पांढरा थर्मोकोल धरला तेव्हा कुठं डोळ्यांत जीव आला. आठ महिन्यांत माझं मत असं झालंय, की गालाची हाडं वर असली तर हा लाइट सोनं करतो, डोळे खोल असले किंवा वय झालं असलं तर दयामाया दाखवत नाही.

म्हणून ‘जन्मजात सौंदर्य’ वगैरे ऐकलं की आता मला हसू येतं. स्टर्नबर्गनंच तिला घेऊन बर्लिनमध्ये केलेला ‘द ब्लू एंजल’ या संचात नाही, पण मिळवून ‘मोरोक्को’शेजारी ठेवून बघा. दोन्ही १९३० चेच. पहिल्यात गोलमटोल बाई, दुसऱ्यात ती डीट्रिख. मेट्रो (एमजीएम) स्टुडिओत ग्रेटा गार्बो या नटीचा चेहरा कॅमेरामन विल्यम डॅनियल्स असाच वर्षानुवर्षं सांभाळत होता. फरक एवढाच, की डीट्रिख स्वतः हे शिकली. सेटवर कॅमेऱ्याशेजारी मोठा आरसा ठेवून आपल्यावरचा उजेड ती स्वतः तपासायची. (जर्मन लोकांचा उजेड आपल्याकडेही आला. १९३४ पासून मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये देविकाराणीवर कॅमेरा लावणारा योझेफ विर्शिंग म्युनिकचा होता.)

‘मोरोक्को’त ती पुरुषी टेलकोट आणि उंच टोपी घालून गाते आणि प्रेक्षकांतल्या एका बाईचं सरळ ओठांवर चुंबन घेते. १९३४ मध्ये हॉलिवूडची सेन्सॉरची संहिता कडक झाली, त्यानंतर हे पडद्यावर आलंच नसतं. आई शेजारी बसली होती. ती चुंबनाबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, “भुवया किती बारीक कोरल्यात गं बाई!”

‘डिसऑनर्ड’ मध्येच रेंगाळतो, पण शेवटी गोळीबाराच्या पथकासमोर ती लिपस्टिक लावते, तेवढ्यासाठी बघा. ‘द स्कार्लेट एम्प्रेस’ म्हणजे रशियाची राणी कॅथरिन. त्यात अक्राळविक्राळ पुतळ्यांची इतकी गर्दी, की मला डोकेदुखी झाली. ‘द डेव्हिल...’वर स्पेन सरकारनं हरकत घेतली आणि पॅरामाउंटनं तो मागं घेतला. डीट्रिखचा मात्र तोच सगळ्यात आवडता.

‘ब्लाँड व्हीनस’मध्ये ती गोरिलाच्या कातड्यातून बाहेर येऊन गाते, मागं आफ्रिकन टोळीचं सोंग घेतलेल्या नाचणाऱ्या पोरी. ते बघवत नाही. आणि ‘शांघाय एक्स्प्रेस’मधल्या चिनी बंडखोराच्या भूमिकेत वॉर्नर ओलंड हा स्वीडिश नट. शेजारी ॲना मे वाँग आहे, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चिनी कुटुंबातली. तिच्या वाट्याला संवाद थोडे, पण ती डब्यात पत्ते मांडत बसलेली असताना माझी नजर डीट्रिखवरून तिच्याकडं गेली. ‘द गुड अर्थ’ या सिनेमातली चिनी नायिका तिला मिळाली नाही, लुइझ रायनर या गोऱ्या नटीला मिळाली, आणि रायनरला त्यासाठी ऑस्करही. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त राग मला याचाच आला.

सलग सहाही बघू नका, तिसऱ्यानंतर धूर आणि जाळ्या सारख्याच वाटायला लागतात. आम्ही महिन्याला एक असं धरलं होतं. माझ्या पोऱ्यानं एकच पाहिला आणि म्हणाला, “दादा, हिला बोलायला काहीच नाही.” बरोबर आहे त्याचं.

लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या एकटीच्या फोटोला आता मी हाच लाइट लावतो. तो खाली उतरवायचा राहून जातो, एवढीच अडचण. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा पासपोर्टचा फोटो परत आला, नाकाखाली सावली आहे म्हणून.