कॅसिनीचे रॉ फोटो : एन्सेलाडससाठी तरी बघाच

नासाच्या साईटवर कॅसिनी यानाचे रॉ फोटो फुकट बघायला मिळतात, आणि शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावरून उडणारे फवारे बघायचे असतील तर यापेक्षा भारी काही नाही असं माझं मत. फोटो ब्लॅक अँड व्हाईट, कॉस्मिक किरणांचे पांढरे ठिपके पडलेले, नटवलेलं काहीच नाही, पण तीच तर मजा आहे ना!

सूर्य चंद्राच्या मागे असतानाचे फोटो आधी शोधा, कारण बर्फाचे बारीक कण मागून उजेड आला की चमकतात, मग काळ्या गोळ्याच्या कडेला दक्षिण ध्रुवावरून वर उडणारे झोत वेगवेगळे दिसतात. ते टायगर स्ट्राइप्स म्हणतात त्या 4 लांबलचक भेगांतून येतात, आणि चंद्र केवढा, तर जेमतेम 500 किमीचा!

28 ऑक्टोबर 2015 चा फ्लायबायही (म्हणजे चंद्राच्या अगदी जवळून मारलेली फेरी) बघा, यान फवाऱ्यातूनच गेलं, तेही पृष्ठभागापासून फक्त 49 किमीवरून. फवाऱ्यात हायड्रोजन सापडला तो याच फेरीत, पण फोटोत तो दिसणार नाही, ते काम मास स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे कणांच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राचं. नुसते रंगीत वॉलपेपर हवे असतील तर कंटाळाल. माझ्याकडून 5 पैकी साडेचार.