व्हॉल्व्ह उजळलेले दिसले, एवढ्यावर ॲम्प घेऊ नका

गणपती आणि नवरात्र, दोन वर्षांचे सीझन ऑर्केस्ट्रात वाजवून बाजूला टाकलेले ३२,००० रुपये मी एका सेकंडहँड गिटार ॲम्पवर घालवले. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांनी आवाज मोठा करणारा ॲम्प म्हणून घेतला आणि तो व्हॉल्व्हचा नव्हताच. व्हॉल्व्ह लावलेले होते, नारिंगी उजेड होता, मागून बघितलं तर अगदी हवं तसं दिसत होतं. पण गिटारचा आवाज त्या काचेच्या नळ्यांमधून जातच नव्हता. हे कळायला मला तीन आठवडे लागले. छोटे व्हॉल्व्ह ॲम्प शोधणारी बरीच मुलं हल्ली मला विचारायला येतात, म्हणून घडलं तसं लिहितोय.

मला ५ वॅटचाच हवा होता. व्हॉल्व्हचा ॲम्प थोडा ताणला की खरा गोड लागतो. व्हॉल्यूम निम्म्याच्या वर गेला की पॉवर व्हॉल्व्हवर, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या व्हॉल्व्हवर, जोर येतो, सूर भरदार होतो, तार जोरात छेडली की आवाज खरखरीत होतो आणि हात हलका केला की पुन्हा स्वच्छ. ५० वॅटचा ॲम्प फ्लॅटमध्ये तिथवर नेताच येत नाही. पुष्कळांना वाटतं ५ वॅट म्हणजे ५० च्या एक दशांश आवाज. तसं नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते, म्हणजे ५ वॅट हा ५० वॅटच्या जवळपास निम्मा वाटतो. घरी पुरून उरतो. फेंडरचा जुना चॅम्प याच जातीचा, एकच पॉवर व्हॉल्व्ह आणि ८ इंची स्पीकर. फेंडरचाच ब्लूज ज्युनिअर १५ वॅटचा, ईएल८४ नावाच्या दोन पॉवर व्हॉल्व्हवर चालणारा. तो माझ्या बजेटच्या बाहेर जात होता. एक अमेरिकेहून आणलेला मिळत होता, पण तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३० वर चालवायला सोबत स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर बाळगायला लागला असता. तो सोडला.

मग ती जाहिरात दिसली. ‘हँडवायर्ड, ऑल व्हॉल्व्ह, क्लास ए, ५ वॅट. एक १२एएक्स७, एक ईएल८४.’ किंमत ३६,०००. फोटोत तपकिरी कापड लावलेली पेटी आणि मागच्या जाळीतून दिसणारे दोन उजळलेले व्हॉल्व्ह. विकणारा मुंबईच्या उपनगरातला, बोलायला अतिशय नम्र, प्रत्येक वाक्यात ‘सर’. ३२,००० वर सौदा ठरला. ५,००० टोकन यूपीआयने लगेच द्या, दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय म्हणाला. दिले. चॅटमध्ये मेसेज सात दिवसांनी गायब होतील अशी एक ओळ आली होती, ती मी वाचली आणि सोडून दिली. त्या ओळीची किंमत पुढे कळली.

शनिवारी पुण्याहून गेलो. त्याच्या घरात शिरलो तेव्हा ॲम्प चालू होता. म्हणाला, “सर, तुमच्यासाठी अर्धा तास आधीच लावून ठेवलाय. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय टोन येत नाही ना.” मला वाटलं, माणसाला समजतंय. मागून वाकून बघायला लागलो तर म्हणाला, “हात लावू नका सर, भाजेल.” हेही खरंच आहे, चालू असलेल्या ईएल८४ ला हात लावला तर चटका बसतो. गिटार आणि ॲम्पच्या मध्ये त्याने स्वतःचं ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे आवाज भरदार आणि खरखरीत करणारी छोटी डबी, लावून ठेवलं होतं. मी तसंच वाजवलं, वीस मिनिटं. छान वाजलं. आता कळतं की छान वाजत होतं ते पेडल.

त्या दिवशी व्हॉल्व्हबद्दल त्याने सांगितलेली एकही गोष्ट खोटी नव्हती, फक्त त्या ॲम्पला ती लागू नव्हती. थोडीफार माहिती असलेला माणूस कसा गुंडाळायचा हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि याचीच मला अजूनही सगळ्यात जास्त चीड येते.

घरी आल्यावर पेटी जिन्यावरून एका हाताने वर नेली. तेव्हाच थांबायला हवं होतं. ब्लूज ज्युनिअर मी उचललाय, १४ किलोच्या आसपास भरतो, खांदा ओढला जातो. माझा त्याहून लहान, हे धरूनही ही पेटी फारच हलकी होती. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये लोखंडाचे दोन गोळे लागतात, एक मेनचा ट्रान्सफॉर्मर आणि दुसरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. वजन त्यांचंच असतं.

पेडल न लावता आवाज कोरडा यायचा. व्हॉल्यूम वाढवला की एका ठिकाणापर्यंत स्वच्छ, आणि तिथून पुढे एकदम फाटायचा, भाजीवाल्याच्या भोंग्यासारखा. मी आधी स्पीकरला दोष दिला, मग व्हॉल्व्ह जुने झाले असतील म्हणून नवा ईएल८४ घ्यायचं ठरवलं आणि पेटी उचलून बुधवार पेठेत नेली. तिथे एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले. अजूनही त्यांच्याकडे डब्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून ठेवलेले असतात.

त्यांनी प्लग लावला, मला गिटार जोडायला सांगितली आणि बटण दाबलं. मी तार छेडली. आवाज आला.

काकांनी बटण बंद केलं. माझ्याकडे बघत म्हणाले, “अहो, हा बोलला कसा इतक्यात?”

मग शेजारी ठेवलेला एक जुना मर्फी रेडिओ लावला. काहीच नाही. आम्ही दोघं उभे. पंधरा-वीस सेकंदांनी आधी बारीक घूं, मग लांबून चालत यावा तसा निवेदकाचा आवाज हळूहळू वर आला. व्हॉल्व्हच्या आत फिलामेंट असतं, ते कॅथोड तापवतं, आणि कॅथोड तापल्याशिवाय त्यातून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. तोवर व्हॉल्व्ह मुका. यातून कुणाचीच सुटका नाही, कितीही महागाचा ॲम्प असो. माझा ॲम्प मी तीन आठवडे रोज लावत होतो, रोज तो लगेच वाजत होता, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काकांनी दहा मिनिटं ॲम्प चालू ठेवला आणि माझं मनगट धरून माझं बोट ईएल८४ च्या काचेला टेकवलं. गार. स्टीलच्या पेल्यासारखी गार. काचेच्या टोकाला आतून जो चंदेरी डाग असतो तो या व्हॉल्व्हला दुधासारखा पांढरा झाला होता. आत हवा शिरली की तसं होतं; म्हणजे व्हॉल्व्ह केव्हाचा मेलेला. बंद करून त्यांनी दोन्ही व्हॉल्व्ह उपटून टेबलावर ठेवले आणि पुन्हा बटण दाबलं. गिटार तशीच वाजली. रिकाम्या सॉकेटच्या मधल्या भोकातून नारिंगी एलईडी वर बघत होते, खालून हॉट ग्लूने चिकटवलेले.

चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, उघडल्यावर बाकीचं दिसलं. टीडीए२०३० नावाची पाच पायांची चिप, ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर स्क्रूने बसवलेली. संगणकाच्या साध्या स्पीकरमध्ये असली चिप पुष्कळ वापरली गेली. सगळा आवाज तिचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणून जो दिसत होता त्याच्या वायरी कापून टेप लावला होता, कशालाच जोडलेल्या नव्हत्या. ईएल८४ च्या सात नंबरच्या पिनवर अडीचशे-तीनशे व्होल्ट असायला हवेत, तिथे मीटर शून्य दाखवत होता.

इथे एक कळकळीने सांगतो. माझं वाचून कुणी घरी स्वतः चॅसी उघडू नका. माझ्या पेटीत व्होल्टेज नव्हतं कारण ती खोटी होती. खऱ्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात, आणि त्याने माणूस मरतो. उघडायचं ते जाणकारासमोर. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प कधी लावू नका, चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

त्याच संध्याकाळी विकणाऱ्याला फोन केला. एकदा उचलला, आवाज ओळखून ठेवला, मग बंद. जाहिरात निघून गेली होती. ‘ऑल व्हॉल्व्ह’ म्हणून त्याने लिहून दिलेले मेसेज गायब, आणि मी एकाचाही स्क्रीनशॉट घेतलेला नव्हता. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, नंतर पोलीस चौकीतही गेलो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते, पण “तुम्ही स्वतः वाजवून बघून घेतलंत ना?” हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला. माझ्या हातात ५,००० च्या टोकनची यूपीआयची नोंद आहे. २७,००० मी रोख दिले होते. पैसे परत आलेले नाहीत.

आता मी कुणासोबत ॲम्प बघायला गेलो तर आधी फोनवरच सांगतो की आम्ही येऊ तेव्हा ॲम्प बंद आणि गार ठेवा. चालू असेल तर बंद करायला लावतो, दहा-पंधरा मिनिटं चहा पीत बसतो, मग गिटार थेट लावून, मध्ये एकही पेडल न ठेवता, बटण दाबून आवाज यायला किती सेकंद लागतात ते मोजतो. त्याने जे जे सांगितलं ते एका मेसेजमध्ये लिहून मागतो आणि जागच्या जागी स्क्रीनशॉट घेतो. टोकन मागितलं तर निघतो. प्रामाणिक विकणारे यातल्या कशालाच नाही म्हणत नाहीत. मागच्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थ्याने असाच एक ५ वॅटचा घेतला. विकणाऱ्या बाईंनी आपणहून चॅसीच्या आतले फोटो आणि बदललेल्या व्हॉल्व्हची पावती पाठवली होती.

आठ दिवसांपूर्वी एका मित्राने मला एक जाहिरात पाठवली. पेटीचं कापड हिरवं, नाव वेगळं, किंमत ३८,०००. पण मागचा पडदा तोच, निळ्या पानांचा, ज्याच्यासमोर बसून मी वीस मिनिटं वाजवलं होतं. मित्राच्या नंबरवरून आम्ही फक्त एवढंच विचारलं की बंद ॲम्प सुरू करतानाचा व्हिडिओ पाठवाल का, बटण दाबल्यापासून, गिटारसकट. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. पाच मिनिटांनी त्याचा फोटो दिसेनासा झाला. जाहिरात अजून आहे. तिचा स्क्रीनशॉट काढून मी चौकीत देऊन आलोय.