फोरमन-फ्रेझर १९७३ : हायलाइट्सचा पॅक राहू द्या, अख्खी फाइट बघा

जुन्या बॉक्सिंगचा 'क्लासिक' पॅक म्हणून एका स्पोर्ट्स अॅपवर महिन्याचे पैसे भरले, अॅपचं नाव राहू दे. भरले ते एकाच फाइटसाठी, जॉर्ज फोरमन विरुद्ध जो फ्रेझर, किंग्स्टन, जमैका, २२ जानेवारी १९७३. उघडलं तर फ्रेझर पडतो, कट, फ्रेझर पडतो, कट, परत पडतो, वर ते कानठळ्या बसवणारं म्युझिक, आणि खेळ खलास. सहा नॉकडाउन झाले बघून, आता पुढची फाइट बघा म्हणे. अरे मुळात ही फाइट दुसऱ्या राउंडमध्ये दीडेक मिनिटात संपलीये, म्हणजे सगळी मिळून पाच मिनिटं पण नाही, त्यात कापायचं काय होतं तुम्हाला?

मग शोधून अख्खं रेकॉर्डिंग बघितलं, जे ऑनलाइन फुकट सापडतं. हा रिव्ह्यू त्याच दोघांचा, पैसेवाल्या पॅकचा आणि फुकटातल्या अख्ख्या फाइटचा. आधीच सांगून टाकतो, पॅक बघून तुम्हाला कळेल की फोरमनचा हात जड होता. हे तर त्याचा फोटो बघूनही कळतं. फ्रेझर का पडला ते कळत नाही, कारण ते सगळं पडण्याच्या आधीच्या आठ-दहा सेकंदांत आहे आणि नेमकं तेच यांनी कापलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. फ्रेझर तेव्हा हेवीवेट चॅम्पियन, २९ फाइट्स, सगळ्या जिंकलेल्या, ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अलीला पंधरा राउंड खेळून हरवलेलं, शेवटच्या राउंडला लेफ्ट हूकनी (डावा हात कोपरात वाकवून बाजूनी मारलेला ठोसा) अक्षरशः आडवा केलेला. फोरमन १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचा गोल्डवाला, ३७ पैकी ३७ जिंकलेल्या आणि त्यातल्या ३४ नॉकआउट, पण लोकांचं म्हणणं की समोर होते कोण, किरकोळ माणसं मारलीयेत यानी. सट्टेबाजारात फ्रेझर फेव्हरिट, साधारण तिनास एक. आणि वजनकाट्यावर फ्रेझर २१४ पाउंड, फोरमन २१७ च्या जरा वर. तीन-साडेतीन पाउंडांचा फरक! कागदावर बघाल तर बरोबरीची जोडी वाटेल, मिसमॅच वगैरे कोणाच्या मनातही यायचं नाही.

इथेच ही फाइट भारी आहे. साइज म्हटलं की आपण वजन बघतो, पण वजन इथे सारखंच होतं. फरक होता उंचीत, फोरमन सहा फूट तीन, फ्रेझर सहा फुटाला पण जरा कमी, आणि हाताच्या लांबीत, तिथे तर पाच इंचांच्या आसपास. आता पाच इंच ऐकायला काही वाटत नाही, पण फ्रेझरची स्टाइल काय ते आठवा. डोकं सतत खालीवर, डावीउजवीकडे झुलतंय, गुडघे वाकलेले, आपल्याकडे बुटका पैलवान उंच गड्याचा पट काढायला जसा वाकून आत घुसतो अगदी तसा घुसायचा, आणि एकदा छातीला छाती लागली की तो लेफ्ट हूक. त्याला मारायचं तर समोरच्याच्या कुशीत शिरावंच लागायचं, लांबून मारायची सोयच नव्हती त्याला.

आता अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये पहिला राउंड ०.२५ स्पीडला लावा आणि ठोसे बघूच नका, फोरमनचे तळवे बघा. दोन्ही हात पुढे काढलेले, जवळजवळ सरळ, आणि फ्रेझर वाकून आत आला रे आला की हा त्याच्या खांद्यावर ग्लोव्ह टेकवतो आणि ढकलतो. बस, ढकलतो. फ्रेझर एक-दोन पावलं मागे जातो, पाठ सरळ होते, झुलणं थांबतं, आणि आता तो नेमका कुठे उभा असतो तर फोरमनचा हात पूर्ण पोचेल पण फ्रेझरचा पोचणार नाही अशा जागी. ही जागा फोरमननी ठरवलीये, दरवेळी. मग तो पुन्हा आत यायला वाकतो, कारण त्याला दुसरं काही येतच नाही (आणि इतकी वर्षं दुसरं काही यायची गरजही पडली नव्हती), वाकलेलं डोकं पुढे येतंय आणि खालून राइट अपरकट वर येतोय. ठोसा वर चाललाय, तोंड खाली त्याच्याकडेच निघालंय, दोघांचा वेग एकत्र झाला. ताकद फोरमनची होतीच हो, पण त्या ताकदीत थोडी भर फ्रेझर स्वतःच घालत होता.

नियमानं बघितलं तर ढकलणं फाउल आहे, पण रेफरी आर्थर मर्केंटेनी ते फार मनावर घेतलेलं दिसत नाही. माझं मत विचाराल तर कडक टोकलं असतं तरी फार तर एखादा राउंड लांबली असती.

पहिल्या राउंडमध्ये तीनदा पडला, तिसऱ्यांदा तर राउंड संपता संपता. तीनदा पडला की फाइट थांबवायची हा नियम इथे लावला नव्हता म्हणून दुसरा राउंड झाला तरी, आणि त्यात अजून तीन. शेवटचा जो उजवा हात बसतो ना, त्यात फ्रेझरचे पाय जमिनीवरून उचलले जातात, ९७ किलोचा माणूस चक्क उडी मारल्यासारखा वर जातो. ते पॅकमध्ये स्लो मोशनमध्ये तीनदा दाखवतात. पण एक गोष्ट पॅकमध्ये अजिबात नाही, ती म्हणजे दर वेळी पडल्यावर फ्रेझर काय करतो. खाली बसून रेफरीला आकडे मोजू देत नाही, दम खात नाही, ताडकन उठतो आणि परत त्याच रस्त्यानं आत जातो. बघवत नाही राव. मिठी मारून वेळ काढ, गोल फिर, काहीतरी कर, पण नाही. तो गरम व्हायलाच एक-दोन राउंड घ्यायचा, आणि इथे गरम होईपर्यंत खेळ आटोपलेला.

आता काही जण म्हणतात की अलीच्या फाइटनंतर फ्रेझर पहिला राहिला नव्हता, त्या रात्रीनंतर हॉस्पिटलमध्ये पडला होता, आणि मधल्या काळात टेरी डॅनियल्स आणि रॉन स्टँडर असल्या सोप्या दोन फाइट्स सोडल्या तर खेळला कुठे. थोडं खरंय. पण मग १९७६ ची रीमॅच बघा, न्यूयॉर्कजवळ नॅसॉ कोलिसियमला झालेली. तिथे फ्रेझर टक्कल करून आलाय आणि चक्क बाजूबाजूनी फिरतोय, म्हणजे प्रॉब्लेम काय होता ते त्याच्या कोपऱ्यातल्या ट्रेनर मंडळींना समजलेलं होतं. फरक काय पडला, तर दोनऐवजी पाच राउंड. स्टाइल बदलायला गेला तर स्वतःचं हत्यारच हरवलं, कारण फिरत फिरत तो लेफ्ट हूक बसत नाही.

उलटं बघायचं असेल तर केन नॉर्टन घ्या. यानी मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा फोडला होता, गडी काही ऐरागैरा नाही. वर्षभरानी काराकासला फोरमनपुढे उभा राहिला आणि दोन राउंडमध्ये गेला. आणि त्याच फोरमनला १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये किन्शासाला अलीनी आठव्या राउंडला झोपवला. म्हणजे फ्रेझरनी अलीला हरवलं, नॉर्टननी अलीला हरवलं, फोरमननी या दोघांची चटणी केली, आणि अलीनी फोरमनची. शाळेतल्या गणितानं हे सुटत नाही. पण फोरमनच्या अपरकटच्या बाजूनं बघा, लगेच सुटतं. अली दोरांवर रेलून डोकं मागे नेत होता, पुढे आणतच नव्हता, त्यामुळे खालून येणाऱ्या हाताला वर काही सापडेचना. उंचीला आणि हाताला तो जवळपास फोरमनएवढाच, तेव्हा ती ढकलाढकलीही चालेना, उलट अलीच याची मान धरून खाली दाबतोय. ताकद तीच होती फोरमनची, वीस-एकवीस महिन्यांत कुठे जाते? गिऱ्हाईक बदललं.

आता जरा क्वालिटीचं. फुकटातलं चित्र धुरकट, रंग उडालेले, मोठ्या टीव्हीवर लावू नका, लॅपटॉपवर ठीक वाटतं. शक्यतो हॉवर्ड कोसेलच्या कॉमेंट्रीचं व्हर्जन शोधा, 'डाउन गोज फ्रेझर' तीनदा ओरडतो ते याच फाइटमधलं, आणि त्याच्या आवाजातला धक्का खरा आहे, कारण त्या क्षणापर्यंत असं होईल हे जवळपास कोणालाच वाटलं नव्हतं. एचबीओ या अमेरिकन केबल चॅनेलनी दाखवलेली ही पहिलीच बॉक्सिंगची फाइट, तेव्हा ते चॅनेल जेमतेम अडीच महिन्यांचं होतं. पॅकमध्ये कोसेलचा आवाज म्युझिकखाली गाडून टाकलाय, याला काय म्हणावं.

पॅकच्या बाजूनं एकच गोष्ट, चित्र जरा साफ केलेलं आहे आणि तो शेवटचा ठोसा खरंच स्पष्ट दिसतो. त्याचे अर्धा स्टार जास्त. कॅन्सल करायचं बटण मात्र सेटिंगच्या आत कुठेतरी तिसऱ्या पानावर लपवलंय, पैसे कापले जायच्या आदल्या दिवशी शोधायला बसू नका.

पॅक : दीड स्टार. अख्खी फाइट : साडेचार, अर्धा चित्रासाठी कापला. नव्यानं बॉक्सिंग बघणाऱ्यांनी आधी १९७१ ची अली-फ्रेझर बघा, निदान शेवटचे पाच राउंड, मग किंग्स्टन, मग किन्शासा, याच क्रमानं. रीमॅच वेळ असेल तर.